साठ दिवस भरत आले, दोषारोपपत्र नाही; जामिनाचा अर्ज नेमका कधी द्यावा?

प्रश्न (औसा तालुका, जि. लातूर)
माझा धाकटा भाऊ आडतीवर हमाली करतो. गोदामातून हरभऱ्याची पोती चोरीला गेल्याच्या गुन्ह्यात, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०५ खाली, त्याला ८ मार्चला अटक झाली आणि ९ तारखेला न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभे करून कोठडी घेण्यात आली. दोषारोपपत्र अद्याप आलेले नाही. साठ दिवसांत ते आले नाही, तर जामीन आपोआप मिळतो का? पोलिसांनी कबुलीच्या कागदावर त्याची सहीही घेतली आहे. वकील लावण्याची आमची ऐपत नाही.

उत्तर १ (नांदेड)
आपोआप मिळत नाही. अर्ज द्यावाच लागतो. अटकेपासून मोजल्यास साठ दिवस ६ मे रोजी भरतात, तेव्हा ७ तारखेला अर्ज द्यावा.

उत्तर २ (वकील, छत्रपती संभाजीनगर)
वरील मोजणीत एका दिवसाची चूक आहे. मुदत अटकेपासून नव्हे, तर पहिल्या रिमांडच्या (न्यायदंडाधिकाऱ्यांनी कोठडी दिल्याच्या) दिवसापासून, तो दिवस धरून मोजली जाते. म्हणजे साठावा दिवस ७ मे आणि अर्ज ८ मे रोजी. कलम ३०५ ला कमाल शिक्षा सात वर्षांची असल्याने नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८७(३) मधील अधिक गंभीर गुन्ह्यांसाठीची ९० दिवसांची मुदत इथे लागत नाही. मुदत संपल्यावर दोषारोपपत्राच्या आधी अर्ज पडला, तर ते त्याच दुपारी आले तरी जामिनाचा हक्क बुडत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने उदय मोहनलाल आचार्य विरुद्ध महाराष्ट्र राज्य या २००१ च्या निकालात म्हटले आहे. अर्जाआधी ते आले, तर मात्र हा हक्क संपतो. त्यामुळे न्यायालय उघडताच अर्ज द्यावा.

पोलिसांपुढील कबुली आरोपीविरुद्ध पुरावा ठरत नाही. परंतु त्याच्या सांगण्यावरून पोती सापडली असतील, तर तेवढा भाग पुराव्यात येतो. म्हणून पंचनामा वाचून घ्यावा.

उत्तर ३ (बीड)
कोठडीतील व्यक्तीला, उत्पन्न कितीही असो, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीकडे आजच अर्ज द्यावा. आमच्या घरी जामिनाचा आदेश झाला, पण सातबारा घेऊन उभा राहणारा जामीनदार मिळेपर्यंत आठवडा गेला.

प्रश्नकर्ता
मामांचा सातबारा आहे. त्यांना ८ तारखेला सकाळीच न्यायालयात घेऊन येतो.