सल्ला हवा: बहुपत्नीत्व आणि राजकारणावरचं आफ्रिकन विनोदी नाटक, अभिवाचनासाठी कोणतं घ्यावं?

रंगवेडी_नाशिक
नमस्कार मंडळी. आमचा हौशी गट आहे, अधूनमधून एखाद्या परदेशी नाटकाचं मराठीत अभिवाचन करतो. युरोप-अमेरिका बरीच झाली, यंदा आफ्रिका घ्यायचं ठरलंय. अट एकच, विनोदी हवं. गेल्या खेपेच्या शोकांतिकेनंतर लोक चहालाही थांबले नाहीत. अनेक बायकांचा संसार, निवडणुका, जुनी रूढी आणि नवं शिक्षण यांची खेचाखेच असलेलं काहीतरी पाहिजे. माझ्यासमोर दोन नावं आहेत: ओला रोटिमी यांचं 'अवर हजबंड हॅज गॉन मॅड अगेन' आणि वोले सोयिंका यांचं 'द लायन अँड द ज्वेल'. दोन्ही नायजेरियाची. वाचणारे पाच बायका, चार पुरुष. कोणतं घेऊ? तिसरं काही असेल तर तेही सुचवा.

विंगेतला_तात्या
डोळे झाकून रोटिमी घ्या.

आधी गोष्ट सांगतो. मेजर रहमान तस्लिम लेजोका-ब्राऊन हा माजी फौजी, आता नॅशनल लिबरेशन पार्टीतर्फे निवडणुकीच्या रिंगणात. घरात दोन बायका. थोरली मामा रशीदा ही मोठ्या भावाची विधवा, रूढीने याच्या पदरात आलेली. कोंबड्या पाळते, अंडी विकते. धाकटी सिकिरा ही बाजारात विक्री करणाऱ्या बायकांच्या संघटनेच्या अध्यक्षीणबाईंची लेक. ते लग्न म्हणजे सरळसरळ मतांची बेगमी. तिसरी लिझा, केनियाची. मेजर काँगोत तैनात असताना प्रेमात पडून केलेली, पुढे डॉक्टरकी शिकायला अमेरिकेला गेलेली. घरात आणखी दोघी आहेत हे तिला माहीतच नाही, आणि ती परत येतेय. रूढीचं लग्न, मतांचं लग्न आणि प्रेमाचं लग्न एका छपराखाली आले की काय होईल ते सांगायला नको.

आता सावधगिरीची सूचना. आपल्याकडे 'दोन बायका, फजिती ऐका' हे इतकं अंगवळणी पडलंय की तुमचे वाचक पहिल्या तालमीपासून सवतीमत्सर वाजवायला लागतील. वरवर पाहता नाटक त्याला जागाही देतं, सिकिरा आणि लिझाची सुरुवातीची खडाजंगी चांगली खमंग आहे. पण गंमत पुढे आहे. लिझा रशीदाला मागणी-पुरवठ्याचं गणित समजावते आणि ती अंडेवाली बाई त्यातून आपला धंदा वाढवायचा बेत आखते. सिकिराच्या कानावर स्त्री-पुरुष समान असल्याची गोष्ट पडते आणि ती त्यातलं राजकारण लगेच हेरते. मेजरसाहेब मात्र राजकारणातही लष्करी डावपेचच चालवतात, गाफील गाठा आणि तुटून पडा. शेवटी गाफील सापडतो तो स्वतः. बायका एकमेकींच्या झिंज्या उपटण्याऐवजी एकमेकींकडून शिकतात, आणि सिकिराच उमेदवार होते. हे नीट उभं राहिलं तर हशा नवऱ्यावर येतो. नाही राहिलं तर बायकांवर येतो आणि नाटक फुकट जातं.

लेगॉसकर_देशपांडे
तात्यांशी सहमत. मी नोकरीनिमित्त इकडे नायजेरियात, लेगॉसला असतो, म्हणून बाजाराबद्दल लिहितो. बाजारातल्या बायकांची मतं हा प्रकार मराठी वाचकाला अतिशयोक्ती वाटेल. तसं नाही. इथल्या योरुबा लोकांच्या भागात बाजाराच्या प्रमुख बाईला इयालोजा म्हणतात आणि तिचा शब्द चालतो. बालोगन मार्केटमध्ये एकदा फिरून आलं की कापडाच्या थप्प्यांमागे बसलेल्या बायका काय चीज आहेत ते कळतं. एका हाताने गिऱ्हाइकाला वार मोजून देतात, दुसऱ्या हाताने फोनवर घाऊक सौदा. हे आजचंही नाही. १९४० च्या दशकात अबेओकुटा शहरात फुनमिलायो रॅन्सम-कुटी यांच्या पुढाकाराने बायकांनी कराविरुद्ध असा लढा दिला की तिथल्या राजाला, म्हणजे अलाकेला, १९४९ साली गादी सोडून जावं लागलं. लेगॉसात त्याआधीपासून अलिमोतू पेलेवुरा यांची बाजारवाल्या बायकांची संघटना ब्रिटिशांना पुरून उरत होती.

आणि आजचं पाहायचं तर राष्ट्राध्यक्ष बोला टिनुबू यांच्या मातोश्री अबिबातू मोगाजी बाजारवाल्या बायकांच्या पुढारी होत्या. २०१३ साली त्या वारल्या, त्यानंतर लेगॉसचं इयालोजापद त्यांच्या नातीकडे, म्हणजे टिनुबूंच्या मुलीकडे गेलं. मेजरला सिकिराशी लग्न का करावंसं वाटलं, याची आणखी फोड करायला नको.

(अवांतर: याच फुनमिलायोबाईंचा मुलगा म्हणजे गायक फेला कुटी. त्याने १९७८ साली एका दिवसात सत्तावीस बायकांशी लग्न लावलं. नाटककाराने असं लिहिलं असतं तर आपण म्हटलं असतं, जरा आवरा.)

मृण्मयी_जे
मला रोटिमींचं नाटक आवडतं, पण तात्या म्हणतात तितकं ते निर्दोष नाही. लिझा अमेरिकेतून येणार, अडाणी सवतींना शहाणं करणार आणि मग त्यांचा उद्धार होणार, ही मांडणी थोडी खटकतेच. रशीदा वर्षानुवर्षं धंदा करतेय, तिला भाव कसे पडतात हे परदेशातून शिकून आलेल्या डॉक्टरणीने सांगावं लागतं? शेवटही फार पटकन गोड होतो.

विंगेतला_तात्या
@मृण्मयी_जे, मुद्दा रास्त आहे. पण तो प्रवेश वाचताना रशीदाला भोळी करू नका, हिशेबी करा. लिझा व्याख्यान देतेय आणि रशीदा ऐकता ऐकता मनात आकडे मांडतेय, असं वाचलं की कोण कोणाकडून काय काढून घेतंय ते आपोआप दिसतं. संहितेत त्याला वाव आहे.

पडदा_सरकव
सोयिंकाला कोणीच मत देत नाही? नोबेल (१९८६) मिळालेला माणूस आहे हो.

मृण्मयी_जे
देते ना. नाटक म्हणून 'द लायन अँड द ज्वेल' उजवंच आहे. १९५९ साली इबादानला पहिल्यांदा झालं. इलुजिनले गाव, तिथला बासष्ट वर्षांचा प्रमुख बरोका, गावची देखणी सिडी, आणि तिच्यामागे लागलेला मास्तर लकुनले. मास्तर सुधारणावादी, त्याला देज (मुलीच्या घरच्यांना द्यायचं वधूमूल्य) द्यायचा नाही, कारण ती रानटी चाल. सिडीला देजाशिवाय लग्न करायचं नाही, कारण गाव म्हणेल हिच्यात काहीतरी खोट होती. दोघंही आपापल्या जागी बरोबर, म्हणून विनोद. मग सिडीचा फोटो मासिकात छापून येतो आणि तिला स्वतःची किंमत नव्याने कळते. म्हातारा तिला मागणी घालतो तेव्हा ती त्याला हसते.

बरोकाची थोरली बायको सादिकू हे तर रत्न आहे. नवऱ्याचं पौरुष संपलं असं नवरा स्वतःच तिच्या कानात सांगतो. हे थोरल्या बायकोपाशी बोललं की गावभर होणार, हा त्याचा हिशेब. आणि ही बाई एकटी असताना त्याच्या लाकडी मूर्तीभोवती विजयाचा नाच करते! वर्षानुवर्षं त्याच्यासाठी नव्या बायकांच्या सोयरिकी जुळवणारी हीच. त्या नाचात किती साठलेलं आहे बघा. सादिकू आधीच्या प्रमुखाची शेवटची बायको होती. प्रमुख मेला की त्याची शेवटची बायको नव्या प्रमुखाची थोरली होते, अशी रीत. सिडीलाही तेच आमिष दाखवलं जातं: तू शेवटची हो, म्हणजे पुढच्याची पहिली होशील. आता रोटिमींची रशीदा आठवा, तीही भावाकडून भावाकडे आलेली. दोन्ही नाटकांत बाई वारशात येते. सोयिंका त्याला शिडी म्हणून दाखवतो, रोटिमी तिला त्यातून बाहेर काढून स्वतःच्या धंद्याला लावतो.

तरी अभिवाचनाला नको म्हणेन. एक तर निम्मं नाटक नाचात आणि मूकाभिनयात आहे. वाट चुकलेल्या प्रवाशाचं सोंग, लाच देऊन रेल्वे गावाबाहेरून वळवण्याचा प्रसंग, हे खुर्चीत बसून वाचलं की मरतं. दुसरं म्हणजे शेवट. म्हातारा नपुंसकपणाचं ढोंग करून सिडीला फसवतो आणि ती त्याच्याशीच लग्न करते. रंगमंचावर तिचा तोरा दिसतो म्हणून ते पेलतं. नुसत्या शब्दांत आजच्या प्रेक्षकाला कडू लागेल, आणि तुम्हाला लोक चहाला थांबायला हवेत.

खुर्चीवरून
मी म्हणतो रूपांतरच करा ना. मेजरचा करा नगरसेवक, लेगॉसचं करा कोल्हापूर, लिझा येऊ दे लंडनहून. धमाल.

वकीलकाका_ठाणे
@खुर्चीवरून, धमाल होईल, पण नाटक वेगळं होईल. आपल्याकडे मुंबई प्रांतात हिंदूंच्या दुसऱ्या लग्नावर १९४६ सालीच कायद्याने बंदी आली, पुढे १९५५ चा हिंदू विवाह कायदा. म्हणजे तुमचा नगरसेवक दुसरी आणि तिसरी लपवणार, दारामागे लपाछपी चालणार, झाला नेहमीचा फार्स. नायजेरियात नोंदणी विवाहाचा कायदा, रूढीचं लग्न आणि मुस्लिम पद्धतीचं लग्न हे तिन्ही शेजारी शेजारी नांदतात. मेजरच्या दोन बायका हे गुपित नाहीच, सगळ्या गावाला ठाऊक आहे. गुपित फक्त लिझापुरतं. माणूस गुन्हेगार नाही, तो आपल्या समाजात प्रतिष्ठित आहे, आणि तरीही अडकलाय. ही अडचण कोल्हापुरात आणता येत नाही. लेगॉस लेगॉसलाच राहू द्या.

ता.क. हक्कांचं बघा. रोटिमी २००० साली वारले. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतात. हौशी मंडळाने तिकीट न लावता प्रयोग केला तर कायद्यात सवलत आहे, पण भाषांतराचा हक्क ही वेगळी बाब. तेव्हा प्रकाशकाला आणि वारसदारांना आधी पत्र टाका. पुढेमागे जाहीर प्रयोग करायची हौस आली तर संहिता सरकारी परिनिरीक्षण (सेन्सॉर) मंडळाकडेही जावी लागेल.

सई_वाचते
तिसरं नाव: कॅमेरूनच्या गियोम ओयोनो-म्बिया यांचं, मूळ फ्रेंच, पण इंग्रजीत त्यांनीच आणलंय, 'थ्री सुटर्स: वन हजबंड'. ज्युलिएट कॉलेजातून सुट्टीला घरी येते तर बापाने एका शेतकऱ्याकडून एक लाख फ्रँक घेऊन ठेवलेत, त्यात सरकारी नोकर येऊन दोन लाख देतो. मुलीला कोणी विचारतच नाही. ती काय करते? तेच तीन लाख घरातून पळवते आणि आपल्या गरीब प्रियकराच्या हाती देते, की हे घे आणि माझ्या बापाला देज म्हणून दे. बाप स्वतःच्याच पैशांत मुलगी विकतो. १९६४ साली छापलेलं आहे, अजून ताजं वाटतं. राजकारण कमी आहे, पण सरकारी नोकराचा रुबाब पुरेसा.

घानाच्या एफुआ सदरलँड यांचं 'द मॅरेज ऑफ अनान्सेवा' पण बघून ठेवा. त्यात बाप चार राजांकडून एकदम भेटी उकळतो. मात्र त्यात गाणी फार, तुमच्यात गाणारं कोणी आहे का?

पडदा_सरकव
बापाचेच पैसे बापाला! हे मी वाचणार.

लेगॉसकर_देशपांडे
एक कळकळीची विनंती. जे काही कराल त्यात तोंडाला काळं फासू नका आणि 'आफ्रिकन' उच्चार काढू नका. घरगडी पॉलिकार्प पिजिनमध्ये, म्हणजे तिथल्या मोडक्या मिश्र इंग्रजीत बोलतो, त्याला मालवणी देण्याचा मोहही आवरा, लोक पॉलिकार्पला विसरून मालवणीला हसतील. थोड्या तुटक, झपाट्याच्या मराठीत भागेल. नाटक १९६६ साली येल विद्यापीठात पहिल्यांदा झालं. रोटिमी तिथे शिकत होते, आणि त्याच वर्षी जानेवारीत नायजेरियात लष्कराने पहिला उठाव केला. बरॅकीतून राजकारणात आलेल्या माणसाची टिंगल तेव्हा किती झोंबली असेल, हे निवेदनात दोन वाक्यांत सांगा. एवढी पार्श्वभूमी बास.

रंगवेडी_नाशिक
सगळ्यांचे आभार. रोटिमी नक्की केलं. ज्युलिएट पुढच्या वेळी. पुस्तक मागवलंय, हक्कांसाठी पत्राचा मसुदा वकीलकाकांना व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते, जरा नजर टाका. आता एक पेच उरलाय. आमच्यातल्या दोघींना सिकिराच हवी आहे आणि रशीदा कोणालाच नको. "अंडी विकणारी म्हातारी" म्हणे.

मृण्मयी_जे
त्यांना रशीदाचा शेवटचा प्रवेश आधी वाचायला द्या. घर सोडून धंदा वाढवायला निघते ती. मग रशीदासाठी भांडतील.