भंगारातली विमानं आणि जर्मनची पातेली

एका भाऊंनी विचारलंय की भंगारातून काढलेल्या जुन्या विमानाच्या सांगाड्यातले निम्मे पार्ट नवीनच बनवायचे तर ते विमान वाचवलं म्हणायचं तरी कसं. म्हणायचंच भो!

आमचं जळगावला भंगाराचं दुकान आहे, लहानपणापासून जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, पातेली हातोड्याने चेपून काट्यावर टाकताना बघितलीत, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर कितीतरी विमानं अशीच भट्टीत गेली कारण धातू शेवटी तोच ना. जर्मन तसं टिकतं, पण जिथे लोखंडी बोल्ट लागतो तिथे ओल राहिली की पांढरी पावडर धरते, नखाने खरवडलं तर पापुद्रे सुटतात. विमानातला असा पार्ट उडायला चालत नाही, पण नव्याचं माप त्याच्यावरूनच घेता येतं म्हणून तो फेकायचा नसतो.

कानपूरला अमेरिकन लिबरेटर बॉम्बर मुद्दाम मोडून टाकलेली होती, एचएएल या आपल्या विमान कंपनीच्या लोकांनी तीच जोडून उडवली, एअरफोर्सने 1968 पर्यंत वापरली, आणि आज जगात जी मोजकी लिबरेटर उरलीत त्यातली बरीच ही आपलीच आहेत, मला याचा फार अभिमान वाटतो. परशुराम नावाचं जुनं डकोटा वाहतूक विमानही 2011 मध्ये भंगारातूनच उचललेलं, 2018 ला एअरफोर्सला मिळालं, त्याला नंबर दिला व्हीपी 905, म्हणजे 27 ऑक्टोबर 1947 ला श्रीनगरला सैनिक उतरवणाऱ्या डकोटाचा.

म्हणून दुकानात नंबर कोरलेली कुठलीही पट्टी आली की मी आधी फोटो काढतो, मगच काट्यावर ठेवतो. तुम्हाला कुठे शेडमध्ये असं काही दिसलं तर तोडायच्या आधी तेवढं नक्की करा.