मदत हवी आहे : देणगी कुणाला द्यायची हे नववीची मुलं ठरवणार होती, आता मीच अडकलेय

नमस्कार. बीड जिल्ह्यातल्या एका शाळेत मराठी शिकवते. आमच्या जुन्या दहावीच्या एका बॅचनं यंदा गेट-टुगेदरला २५,००० रुपये जमवले. एरवी अशा पैशांचे पंखे येतात, त्यावर नावं रंगवतात. मीच आगाऊपणा करून सुचवलं, की कुठल्या संस्थेला द्यायचे ते नववीला ठरवू द्या.

कल्पना माझी नाही. स्कॉटलंडच्या शाळांमध्ये ‘यूथ अँड फिलान्थ्रॉपी इनिशिएटिव्ह’ चालतं. मुलांचे गट आपल्या भागातली एकेक संस्था निवडतात, तिथे जाऊन येतात, मग सगळ्यांसमोर तिची बाजू मांडतात. सरस ठरलेल्या गटाच्या संस्थेला ३,००० पौंड मिळतात. वाचताना सोपं वाटलं होतं!

आमच्या गटांनी तीन नावं आणली. गोशाळा, वाचनालय आणि ऊसतोड कामगारांची मुलं सांभाळणारं एक छोटं वसतिगृह. दिवाळीच्या आगेमागे आईबाप कारखान्यांकडे निघाले की मुलं तिथे राहतात, शाळा बुडत नाही. त्यांना पैसे हवेत ते स्वयंपाकाच्या मावशींच्या पगारासाठी. ज्वारी, तांदूळ लोक आणून देतात, पगाराला कुणी देत नाही.

गाडं अडलं ते इथे. एक मुलगी म्हणाली, “बाई, पगारात गेले तर आपण दिलं काय? दिसणार काय?” अख्ख्या वर्गानं माना डोलावल्या. पुस्तकावर शिक्का मारता येतो, गाईबरोबर फोटो काढता येतो. मी स्वतः पगारावर जगणारी, तरी मला उत्तर सुचलं नाही.

वर घाई केली. हात वर करून मतं घेतली. वर्गातला एक मुलगा त्याच वसतिगृहात राहतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. वाचनालयासाठी सगळ्यात आधी हात त्याचाच वर गेला. मग तास संपेपर्यंत तो वहीत डोकं खुपसून बसला.

वाचनालय जिंकलं, पण निकाल मी रोखून धरलाय. पगाराचं मुलांना कसं समजवावं? ठरवा म्हणायचं आणि मग आपणच वळवायचं, हे नाटक मला नको. आणि वसतिगृहाचं नाव यादीत ठेवावं का? शिवाय पैसे शाळेच्या खात्यातून द्यायला मुख्याध्यापक तयार नाहीत.

प्रतिसाद १
मुख्याध्यापकांचं बरोबर आहे, ताई. देणगीदारांनी थेट संस्थेच्या खात्यात भरावेत, पावती त्यांच्या नावानं घ्यावी. देणगीवर आयकरात सवलत हवी असेल तर २,००० च्या वर रोख देऊ नका.
पगाराचं तुम्ही समजवूच नका. तिन्ही संस्थांकडे धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक आणि गेल्या वर्षीचा ऑडिट रिपोर्ट मुलांनाच मागू दे. खर्चाच्या बाजूला वाचनालयात ग्रंथपाल सापडेल, गोशाळेत शेण काढणारा गडी सापडेल. मी ट्रस्टचे हिशोब लिहितो, बिनपगारी चालणारी संस्था क्वचितच बघितलीय.

प्रतिसाद २
मी अशाच हंगामी वसतिगृहात राहून शिकलोय. नाव काढू नका, का काढलं ते त्या पोराला बरोबर कळेल. मतं मात्र चिठ्ठ्या टाकून घ्या. आणि वर्ग घेऊन तिथे ‘बघायला’ जाऊ नका. आमच्याकडे पाहुणे आले की रांगेत उभं करून गाणं म्हणायला लावायचे, शेवटी बिस्किटाचा पुडा. जिला पगार द्यायचा तिला भेटा ना. पहाटे किती भाकरी थापते विचारा.

धागाकर्ती
दादा, शनिवारी मी चाळीस पोरं घेऊन तिथेच निघाले होते. रद्द केलं. मावशींना दुपारच्या तासाला वर्गात बोलवायचं म्हणतेय, रिपोर्ट मागायला तीन पोरं उद्याच जाताहेत.
एकच विचारते. मावशी येणार हे त्या मुलाला आधी बाजूला घेऊन सांगू, की तेही नको?