तुम्हाला कधी कुणी 'सिन्सिअर' म्हटलंय का?

घाटावरची
काल लेकीच्या पालकसभेत बाई म्हणाल्या, "शी इज व्हेरी सिन्सिअर." नवरा खूश, माझ्या पोटात गोळा. माझ्या प्रगतिपुस्तकात वर्षानुवर्षं हाच शेरा असायचा. पहिल्या नंबरवालीला 'ब्रिलियंट', मला 'सिन्सिअर'. म्हणजे वही पूर्ण, कव्हर घातलेलं, समास आखलेला आणि मार्क बेताचे. डिक्शनरीत मात्र अर्थ म्हणे ढोंग नसलेला, मनापासूनचा. त्यात वहीचं कव्हर कुठून आलं? लिहा आपापले अनुभव.

खडूसकाका
शाळेचं सोडा. सरकारी नोकरीत गोपनीय अहवालात 'सिन्सिअर अँड हार्डवर्किंग' आलं की समजायचं, प्रमोशन शेजारच्या टेबलाला.

तिखटमीठ
काका 😂😂
आमच्याकडे स्थळं बघताना "मुलगा सिन्सिअर आहे" म्हणजे निर्व्यसनी, आणि पगार विचारू नका.

परदेशी पावटा
न्यू जर्सी. नवऱ्याच्या टीममधल्या आपल्याच एका मुलाने कुणाची तरी शिफारस करताना लिहिलं, 'ही इज व्हेरी सिन्सिअर'. गोरा मॅनेजर गोंधळला, कामाचं काय ते सांग म्हणे. इथे सिन्सिअर माफी असते, सिन्सिअर आभार असतात. रोज वेळेवर येणाऱ्याला डिलिजंट नाहीतर डिपेंडेबल म्हणतात. पत्राखाली मात्र सगळेच 'सिन्सिअरली', नोकरीवरून काढल्याच्या पत्राखालीसुद्धा!

रात्रपाळी
सिन्सिअर म्हणजे 'बिनमेणाचा' ना? रोमन मूर्तिकार तडे मेणाने बुजवायचे, ज्यात मेण नाही ती मूर्ती अस्सल. ट्रेनिंगमध्ये सांगितलेलं.

मोडी शिकतोय
गोष्ट झकास आहे पण खरी नाही. लॅटिन 'सिन्सेरुस' म्हणजे शुद्ध, निर्भेळ, तिथून आलाय. मेणाला पुरावा नाही. इंग्रजीत सोळाव्या शतकापासून आहे, तेव्हा भेसळ नसलेल्या वस्तूंनाही म्हणायचे.

रात्रपाळी
म्हणजे अस्सलपणाची गोष्टच भेसळीची 🤦

तिखटमीठ
भेसळीवरून आठवलं, तूप कुठून घेता सध्या? आमचा दूधवाला गावी गेलाय.

खडूसकाका
घरी कढवा.

निवांत
उशिरा आले, कुकर लावला होता. आजी आमची इंग्रजी न शिकलेली. चांगल्या माणसाबद्दल एवढंच म्हणायची, "त्याचं पोटात एक ओठात एक नाही." डिक्शनरीवाला अर्थ हाच की. अशी माणसं पंचाईतही करतात बरं का. माझ्या साखरपुड्यात तिने सगळ्यांसमोर सांगितलं होतं, साडीचा रंग पोरीला शोभत नाही. खरंच शोभत नव्हता.

मोडी शिकतोय
हाहा. हल्ली ऑथेंटिकचा जोर आहे. मेरियम-वेबस्टरने 2023 चा शब्द म्हणून तोच निवडला होता. आमच्या कोपऱ्यावर 'ऑथेंटिक मालवणी' पाटी लागलीय, आत सोलकढीला बीटाचा रंग.

घाटावरची
बीट?! 😭 पण बोनाफाईड विसरलात सगळे. एसटीच्या पासासाठी काढायचो ते. त्याचाही अर्थ सद्भावनेने, खराखुरा. आपल्याकडे शिक्का मारून मिळतो.

निवांत
आणि पत्रलेखन! 'डिअर सर'ला 'युवर्स फेथफुली', नावाने हाक मारली तर 'सिन्सिअरली'. आमचे क्लासचे सर 'युवर्स'मध्ये वाय-ओ-यू-आरनंतर वरचा स्वल्पविराम दिसला की अर्धा मार्क कापायचे. मराठीत सा. न. वि. वि. लिहिलं की सुटलो.

परदेशी पावटा
थांब थांब. अर्धा मार्क कापणारे सर? सांगली का?

निवांत
हो!! विश्रामबाग. लुनावर यायचे.

परदेशी पावटा
निळी लुना, हँडलला डबा! अगं कुठली बॅच तुझी? संध्याकाळची?

निवांत
सकाळची. खाजगीत ये, फोटो आहे ग्रुपचा.

तिखटमीठ
तुपाचं कुणी सांगेल का?