नववीतला मुलगा, माफीनामा दर वेळी तोच. स्वतःच्या वागण्याचा विचार करायला कसं लावायचं?

मुक्कामी_गाडी

नमस्कार मंडळी. मी एसटीत वाहक आहे, सातारा जिल्ह्यात. महिन्यातले बरेच दिवस मुक्कामी ड्युटी. संध्याकाळी गाडी घेऊन गावाला जायचं, तिथंच पाठ टेकायची आणि पहाटेची पहिली फेरी घेऊन परत. त्यामुळे घरात जे घडतं ते मला फोनवर कळतं, तेही मंडळींनी आधी स्वतः शांत होऊन मग सांगितलेलं.

मुलगा नववीत, १४ पूर्ण. कबड्डी खेळतो, चढाईला बरा आहे. अभ्यास मध्यम. एरवी आजीचे पाय चेपून देणारा पोरगा, पण गेल्या दिवाळीपासून डोकं फिरलं की हात चालतो. मध्यंतरी डबा भिंतीवर फेकला. आता सरावाच्या वेळी वर्गातल्या एका पोराला असा ढकलला की त्याचा चष्मा फुटला आणि भुवईवर टाके पडले. शाळेनं आम्हाला बोलावलं आणि आमच्यासमोर त्याच्याकडून माफीनामा लिहून घेतला.

तो मी वाचला. ‘माझ्या हातून घडलेल्या कृत्याबद्दल मला पश्चात्ताप होत असून यापुढे असे वर्तन होणार नाही, झाल्यास होणाऱ्या कारवाईस मी स्वतः जबाबदार राहीन.’ डबा फेकला तेव्हाचा माफीनामा घरात फायलीत आहे. शब्दाला शब्द तोच, तारीख तेवढी बदललेली. डेपोत मेमो आला की त्याला आम्ही उत्तर देतो ते याच भाषेत, त्यामुळे अशा कागदाची किंमत मला चांगली ठाऊक आहे.

‘का केलंस?’ विचारलं तर ‘माहीत नाही’. फार खोदलं तर ‘तो आला अंगावर’. मग दार लावून घेणार, तासाभरानं बाहेर येऊन काही झालंच नाही अशा थाटात जेवायला बसणार. मोबाईल काढून घेतला की सगळा राग आईवर.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. आपण काय केलं हे त्याला स्वतःच्या डोक्यानं बघायला कसं लावायचं? आणि राग आल्यावर करायचं काय, हे या वयात शिकवता येतं का? माझ्याकडे वेळ म्हणजे साप्ताहिक सुट्टी आणि ड्युटीवर निघायच्या आधीची दुपार.

---

गावठाणातले_आबा

दोन ठेवून द्या, आठ दिवसांत सरळ होईल. आम्ही असेच वाढलो. तुम्ही आजकालचे बाप पोरांना विचारत बसता.

---

वर्गाबाहेरची_ताई

आबा, तुमचा मान राखून बोलते. त्या पोराला आज एकच गोष्ट येते आहे: ज्याच्या अंगात जोर जास्त, त्यानं हात उचलला की प्रश्न मिटतो. बापानं दोन ठेवून दिल्या तर तोच धडा पक्का होईल.

मुक्कामी दादा, मी नाशिकला एका शाळेत समुपदेशक आहे. माफीनाम्यांचे गठ्ठे मी पाहिलेत. तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे, तो कागद शाळेच्या फायलीसाठी असतो, मुलासाठी नसतो.

आधी ‘का’ हा प्रश्न सोडून द्या. ‘का केलंस’ म्हटलं की समोरच्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहिल्यासारखं होतं आणि तो बचाव शोधतो. शिवाय ‘माहीत नाही’ हे त्याचं उत्तर बहुधा खरं असतं. थांबून, तोलून निर्णय घेणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो. राग चढलेला असताना तो भाग मागे पडतो, आणि नंतर काय घडलं याचे तुकडेच हाती राहतात. ते तुकडे जुळवायला त्याला मोठं माणूस लागतं.

म्हणून क्रम विचारा. तोही त्याच दिवशी, घर तापलेलं असताना नको. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, पोट भरलेलं असताना. सकाळपासून सुरुवात करा. रात्री किती वाजता झोपला होता? (या वयात आठ ते दहा तास झोप लागते. सकाळची शाळा आणि रात्री बारापर्यंत मोबाईल असेल तर हिशेब तुम्हीच करा.) डबा खाल्ला होता का? मैदानावर आधी कोण होतं? तो पोरगा काय बोलला, अगदी कुठल्या शब्दांत? मग सगळ्यात महत्त्वाचं: राग आलाय हे अंगात पहिल्यांदा कुठे कळलं? कुणाचे कान तापतात, कुणाचा जबडा आवळतो. माझ्याकडे आलेल्या एका मुलीनं सांगितलं होतं की तिला आपलाच आवाज लांबून आल्यासारखा ऐकू येतो. ही खूण सापडली की अर्धं काम झालं, कारण ढकलण्याच्या आधीचे ते दोन-चार सेकंद मुलाच्या ओळखीचे होतात. आधी त्याला ते असतात हेच माहीत नसतं.

दुसरी गोष्ट. घडलं ते आणि त्यानं त्याचा लावलेला अर्थ, हे वेगळं काढायचं. ‘त्यानं धक्का दिला’ ही घटना. ‘सगळ्यांसमोर माझी लाज काढली, आता दाखवतोच’ हे मनातलं वाक्य. हात चालतो तो त्या वाक्यामुळे. धक्का बिचारा तसा किरकोळच असतो. अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकात मांडलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचा हा गाभा आहे. कि. मो. फडके यांनी ती आपल्याकडे मराठीत रुजवली. मुलाला हे नाव-गाव सांगायची गरज नाही. ‘तेव्हा मनात काय म्हणालास?’ एवढंच विचारा आणि गप्प बसा. खरंच गप्प बसा. बहुतेक आईबाप पाच सेकंदांत स्वतःच उत्तर देऊन टाकतात.

समोरासमोर बसवू नका. या वयाची मुलं डोळ्याला डोळा देऊन बोलत नाहीत, शेजारी बसून बोलतात. काहीतरी काम हातात असू द्या.

आणि शिकवायचं म्हणाल तर तुम्ही स्वतःच कामाला या. सुट्ट्या पैशांवरून रोज कुणी ना कुणी तुमच्या सात पिढ्यांचा उद्धार करत असेल. तरी तुम्ही तिकिटाचं मशीन कुणाच्या डोक्यात घालत नाही. त्या क्षणी नेमकं काय करता? ते त्याला सांगा. उपदेश नको, किस्सा म्हणून. घरी मुलांना बापाचा राग दिसतो, किंवा बाप शांत दिसतो. एकातून दुसऱ्यात तो कसा जातो, हे कुणी कधी दाखवतच नाही.

---

पंचाची_शिट्टी

ताईंनी डोक्याचं सांगितलं, मी अंगाचं सांगतो. तालुक्याला पंचगिरी करतो, पोरांना शिकवतोही.

तुमचा पोरगा चढाई करतो ना? मग निम्मं काम त्याला येतं. ३० सेकंदांच्या चढाईत एका दमात ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत श्वास हळूहळू सोडायचा, समोर सात जण धरायला टपलेले असताना डोकं ठिकाणावर ठेवायचं. रागात नेमकं उलटं होतं, श्वास छातीत अडकतो. तो लांब, सावकाश सोडला की छातीतली धडधड खाली येते. ‘दीर्घ श्वास घे’ असं त्याला सांगू नका, कंटाळेल. ‘दम सोड’ म्हणा, मैदानावरची भाषा आहे, लगेच कळेल. आणि याचा सराव डोकं शांत असताना करायचा, रोज. सामन्याच्या दिवशी कुणी नवी पकड शिकत नाही.

दुसरं, कार्ड. हिरवं म्हणजे ताकीद, पिवळं म्हणजे दोन मिनिटं मैदानाबाहेर, लाल म्हणजे सामना संपला. माझ्याकडच्या एका तापट पोराला मी सांगितलं, घरी पिवळं कार्ड तूच स्वतःला दाखव. खूण पटली की ‘पिवळं’ म्हणायचं आणि अंगणात जायचं. घरच्यांनी ‘कुठं चाललास, मी बोलतेय ना’ असं मागून ओरडायचं नाही. त्यानं परत यायचंच. फक्त एक पथ्य पाळा, कार्ड त्याचं आहे. आईनं किंवा तुम्ही ते त्याला दाखवायचं नाही. नाहीतर दोन दिवसांत ती शिक्षा होते आणि कार्ड मेलं.

उशी बडव, राग निघून जाईल, असं कुणी सांगेल. ऐकू नका. बडवून बडवण्याचाच सराव होतो.

आणि हात जोडून विनंती, शिक्षा म्हणून त्याची कबड्डी बंद करू नका. पालक पहिली तीच कापतात. रोज संध्याकाळी दीड तास नियम पाळायची सवय ज्या एका जागी लागते, तीच जागा बंद.

---

दहावीची_आई

आमच्याकडे अर्धी भांडणं शाळेतून आल्यावर पहिल्या वीस मिनिटांत व्हायची. आता मी दारात काहीही विचारत नाही. आधी पोहे नाहीतर चपातीचा लाडू, मग प्रश्न. फार मोठं शास्त्र नाही, पण घरात शांतता आहे.

---

मुक्कामी_गाडी

उशिरा लिहितोय, यात्रेच्या जादा गाड्या लागल्या होत्या. सगळ्यांचे आभार. आबा, तुमचेही.

सुट्टीच्या दिवशी दुपारी गाडी धुवायला काढली. मी चेन घासत होतो, तो पाणी मारत होता. ताईंनी सांगितल्याप्रमाणे किस्सा सांगितला. पहाटेची गाडी, पहिलाच पॅसेंजर, जवळचं तिकीट आणि हातात पाचशेची नोट. सुट्टे नाहीत म्हटल्यावर त्यानं माझ्या खात्यापासून खानदानापर्यंत सगळं काढलं. मी काय करतो, तर नोट त्याच्या हातात परत देतो, ‘मागनं येतो’ म्हणतो आणि पुढच्या दोन सीटची तिकिटं काढून मगच त्याच्याकडे वळतो. तेवढ्यात माझंही उतरलेलं असतं, बऱ्याचदा त्याचंही. पोरगं हसलं. म्हणालं, ‘आणि नाही उतरलं तर?’ म्हटलं, ‘तर अजून दोन सीट.’

मग बराच वेळ काही नाही. मी गप्प बसलो (ताई, फार अवघड आहे हो हे). मागच्या चाकाच्या आऱ्या पुसता पुसता बोलला. तो पोरगा म्हणाला होता, ‘ए हाफ तिकीट, जा, बापाकडनं सुट्टे घेऊन ये.’ हे बरेच दिवस चाललं होतं. आणि मनात काय म्हणालास विचारलं तर म्हणाला, ‘पप्पांना बोलला, आता सोडायचा नाही.’ २०२१-२२ च्या संपात आमच्या घरात पगार येत नव्हता तेव्हा हा चौथी-पाचवीत असेल. तेव्हापासून माझ्या नोकरीवरून कुणी काही बोललं की याला लागतं, हे मला त्या दिवशी चेन घासताना कळलं. शाळेत मला का सांगितलं नाहीस, तर म्हणे ‘तुम्हाला वाईट वाटलं असतं.’

मी म्हटलं, तो बोलला ते चूक. त्याच्या भुवईला टाके पडले तेही खरं. एकानं दुसरं फिटत नाही. आता चष्म्याचं काय करायचं ते तू सांग. त्यानं मैदानी स्पर्धेच्या बक्षिसाचे पैसे काढले, कमी पडले ते मी घातले. त्या पोराच्या घरी एकटाच गेला. त्याचे वडील दारातच चार शब्द सुनावून गेले म्हणे, पण हा ऐकून घेऊन, पैसे देऊन आला. माफीनामा वगैरे काही लिहिला नाही.

कान तापतात, ही त्याची खूण निघाली. पिवळं कार्ड चालू आहे. मधे एकदा धाकटीच्या अंगावर चप्पल फेकलीच, कार्ड काही आठवलं नाही. आणि आता नवीनच त्रांगडं झालंय. आईनं पाणी भरायला सांगितलं की लगेच ‘पिवळं!’ म्हणून गडी अंगणात. यावर काय करायचं?

---

वर्गाबाहेरची_ताई

चप्पल फेकली त्याचं फार मनाला लावून घेऊ नका. जुनी सवय मधेमधे डोकं वर काढतेच. त्या प्रसंगाचाही तसाच क्रम काढा.

चिडवण्याबद्दल वर्गशिक्षकांना तुम्ही स्वतः भेटून सांगा, पण मुलाला आधी विचारून. भर वर्गात दोघांना उभं करून हात मिळवायला लावू नका म्हणावं, त्यानं चिडवणं लपून चालू राहतं.

एक गोष्ट लक्षात राहू द्या. झोप उडाली, जेवण तुटलं, कबड्डीला जायचंच बंद केलं, स्वतःला इजा केली किंवा ‘जगून काय करू’ अशा अर्थाचं काही बोलला, तर घरगुती उपायांवर थांबू नका. १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक, फोन मोफत, रात्री-अपरात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं. सरकारी रुग्णालयात किशोरवयीन मुलांसाठी मैत्री क्लिनिक असतं, तिथेही दाखवता येईल. आत्ता तुम्ही जे लिहिलंय त्यात मला असं काही दिसत नाही, पण क्रमांक मंडळींच्या फोनमध्ये असू द्या.

---

पंचाची_शिट्टी

पाण्याचं सोपं आहे. दोन मिनिटं बाहेर बसला म्हणून स्कोअर बदलत नाही. परत आला की त्याची घागर तिथंच असली पाहिजे, मंडळींनी भरून ठेवलेली नसली पाहिजे. बाकी पोरगं डोकेबाज आहे. जिल्ह्याच्या निवड चाचणीला नक्की पाठवा.