रावपुऱ्यात पंक्चरच्या टपरीवर भेटलेला पंक गिटारवाला, सहापैकी कुठली फ्रेम ठेवू?

दांडियाबाजारवाला

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे पण पूर्ण वाचा आणि मोकळं मत द्या. मागच्या शनिवारी संध्याकाळी मांडवीकडून रावपुऱ्याच्या टॉवरकडे चालत येत होतो, गळ्यात कॅमेरा (निकॉन डी७५००, ५० एमएम १.८ लेन्स), दोन तास फिरून हाताला काहीच लागलं नव्हतं. टॉवरच्या थोडं अलीकडे पंक्चरच्या टपरीवर एक मुलगा टायरच्या थप्पीवर बसलेला दिसला, बावीस-तेवीसचा असेल, डोक्याच्या दोन्ही बाजू भादरलेल्या आणि मधले केस ताठ उभे, बाह्या कापलेलं काळं डेनिम जॅकेट, कॉलरवर सेफ्टी पिनांची रांग, मांडीवर गिटारची बॅग. स्कूटरचं मागचं चाक काढून ठेवलेलं. आपल्या बडोद्यात असं ध्यान रोज दिसत नाही, मी थांबलोच.

मी हिंदीत विचारलं तर तो सरळ मराठीत म्हणाला, "काढा ना काका, पण पटकन, सातला प्रॅक्टिस आहे." माझं घरी फोनवर चाललेलं बोलणं त्यानं ऐकलं असणार. मग गप्पाच सुरू झाल्या. पंक वाजवतात, म्हणजे वेगवान, रागीट रॉक, तिघांचा बँड, पाठीवर बँडचं नाव स्वतःच ऑइल पेंटनं देवनागरीत लिहिलेलं, आणि कापडाचे तुकडे शिवलेत ते दात साफ करायच्या दोऱ्यानं, म्हणे साधा दोरा दोन महिन्यात तुटतो आणि हा तुटत नाही. मी जवळ जाऊन बघितलं, मोठे मोठे वाकडे टाके होते पण एकदम घट्ट.

सहा फ्रेम काढल्या. पहिल्या पाचात तो हनुवटी वर करून रागीट बघतोय, फोकस कडक, सगळं जागच्या जागी. सहावी अशी की टपरीवाल्या काकांनी ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवली, बुडबुडे आले, काका म्हणाले "खीली छे", आणि हा एकदम पुढे वाकून बघायला लागला, तोंड थोडं उघडं, एक हात कॉलरवर की पिना पाण्यात पडू नयेत. मी तेव्हाच बटण दाबलं. पण फोकस पिनांवर गेलाय आणि डोळा किंचित मऊ, म्हणजे जरा धूसर आलाय.

तर कुठली ठेवू? आणि दुसरं, त्याला बँडच्या पोस्टरला फोटो हवाय, म्हणाला पैसे नाहीत काका पण नाव टाकू. द्यायचा तर कसा द्यायचा? आणखी एक, पहिल्या पाचात मागे उन्हातला रस्ता आहे आणि चेहरा काळवंडलाय, त्याचं काही होईल का?

एफस्टॉप_चार

आधी तांत्रिक सांगतो. टपरीच्या पत्र्याखाली सावली, मागे ऊन, कॅमेऱ्यानं सगळ्याची सरासरी काढली आणि रस्ता सांभाळला, चेहरा गेला. रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) काढलं असेल तर चेहरा एक-दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) आरामात वर येईल, डी७५०० चा सेन्सर तेवढं देतो, जेपेग असेल तर फार ओढू नका, काळ्या जॅकेटमध्ये दाणे दिसायला लागतील. पुढच्या वेळी स्पॉट मीटर (एकाच ठिकाणचा उजेड मोजायची सेटिंग) गालावर लावा आणि मागचा रस्ता जळून पांढरा झाला तर होऊ दे. उलटं पण होतं बरं का, काळं जॅकेट फ्रेमभर आलं की कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे आणि तो चेहरा पांढराफट्ट करून टाकतो, तिथे एक्स्पोजर मायनस ०.७ पासून सुरुवात करा.

फोकसचं म्हणाल तर एफ १.८ वर, म्हणजे लेन्स पूर्ण उघडी ठेवून काढलं असणार. क्रॉप (छोट्या) सेन्सरवर ५० एमएम, दीड मीटरवरून, म्हणजे शार्प भाग जेमतेम सहा-सात सेंटीमीटर. माणूस पुढे वाकला की कॉलर आणि डोळा यात तेवढं अंतर सहज पडतं. एफ ४ वर तेच चौदा सेंटीमीटरच्या आसपास गेलं असतं आणि पिना आणि डोळा दोन्ही मिळाले असते. शटर १/२५० आणि ऑटो आयएसओ ठेवून टाका, रस्त्यावर ओळखपाळख नसलेल्या माणसापुढे सेटिंग बदलत बसायला वेळ नसतो.

माझं मत तिसरी-चौथी फ्रेम. मऊ डोळा मला चालत नाही, मोठा प्रिंट काढला की खटकतो.

कॅसेटवाली_ताई

मी सहावीच ठेवली असती, डोळे झाकून. दादा, मी कॉलेजात असल्यापासून पंक ऐकते, कॅसेट एकमेकांकडून कॉपी करून, म्हणून थोडं हक्कानं बोलते. ते जॅकेट विकत मिळत नाही, मिळालं तरी घालणाऱ्याला त्यात गंमत नसते. स्वतः रंगवायचं, स्वतः शिवायचं, पोस्टर स्वतः झेरॉक्स करून भिंतीवर चिकटवायचं, हे १९७६ पासून न्यूयॉर्क-लंडनच्या पोरांनी असंच केलं. त्यांची मासिकंसुद्धा टाइप करून, कात्रीनं कापून, झेरॉक्स काढून निघायची. तुम्ही ते दोऱ्याचे टाके बघितलेत ना, तेवढं लक्ष बहुतेक फोटोवाले देतच नाहीत, केस दिसले की झालं त्यांचं काम.

आणि लंडनच्या क्लॅश या पंक बँडच्या १९७९ च्या अल्बमचं कव्हर आठवा, स्टेजवर बास गिटार आपटणारा माणूस. पेनी स्मिथनं काढलेला. तिला स्वतःलाच तो कव्हरवर नको होता कारण फोकसमध्ये नाही, बँडवाले अडून बसले. आज तो फोटो रॉकमधल्या सगळ्यात ओळखीच्या फोटोंपैकी आहे. त्यामुळे डोळा मऊ आहे म्हणून सहावी बाद करू नका प्लीज.

पोस्टरचं मात्र एक बघा. ही पोरं ऑफसेटवर छापणार नाहीत, युनिव्हर्सिटीजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात जातील. झेरॉक्समध्ये मधले राखाडी टोन मरतात, काळं आणि पांढरं तेवढं उरतं. म्हणून द्यायच्या आधी ब्लॅक अँड व्हाइट करून, कॉन्ट्रास्ट चढवून, स्वतः एक झेरॉक्स काढून बघा चेहरा उरतो का.

फतेहगंजचा_जुना

मी इथल्या युनिव्हर्सिटीत फाइन आर्ट्सला होतो, फार वर्षं झाली. आमच्याकडे फोटोवर बोलणं निघालं की चित्रकार-फोटोग्राफर ज्योती भट्ट सरांचं नाव येणारच. त्यांनी गावोगाव हिंडून भिंतीवरच्या आणि अंगणातल्या चित्रांचे फोटो काढले, आणि कितीतरी फोटोत ती चित्रं काढणारी बाई पण तिथेच आहे, तिचं घर, तिची भिंत, तिचा हात. नुसतं चित्र कापून आणलं नाही. तुझ्या सहाव्या फ्रेममध्ये मला तेच वाटतंय (वर्णनावरूनच म्हणतोय, फोटो टाक की बाबा). टपरी आहे, घमेलं आहे, ट्यूब आहे, ज्या गावात तो पंक वाजवतो ते गाव आहे त्यात. पहिल्या पाचात मागे कुठलाही रस्ता असता तरी चाललं असतं.

तरी पोज दिलेल्या फ्रेमला मी वाईट म्हणणार नाही. रोबर्टा बेलीनं १९७६ मध्ये न्यूयॉर्कच्या रामोन्स बँडचा फोटो काढला, चौघं विटांच्या भिंतीला टेकून उभे, फाटक्या जीन्स, काही करत नाहीयेत, नुसते उभे. तो पंक नावाच्या मासिकासाठी काढला होता आणि पुढे त्यांच्या पहिल्या अल्बमचं कव्हर झाला. ही बेली न्यूयॉर्कच्या सीबीजीबी क्लबच्या दारावर बसून तिकिटाचे पैसे घ्यायची, ही पोरं तिच्या रोजच्या बघण्यातली. पोज चालते, पण त्यासाठी ओळख लागते आणि तुझी ओळख पाच मिनिटांची होती, सहाव्या फ्रेमपर्यंत ती थोडी झाली, असं मला वाटतं.

हक्काचं सांगतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे फोटोचा हक्क काढणाऱ्याचा, म्हणजे तुझा, कोणी पैसे देऊन काढून घेतला असता तर गोष्ट वेगळी. काढणारा गेल्यानंतरही ६० वर्षं तो हक्क चालतो. म्हणून पोराला साधा मेसेज लिहून दे की पोस्टरला आणि त्यांच्या पेजला वापरा, नाव टाका, दुसऱ्या कोणाला देऊ नका. एवढं पुरतं. आणि तुला स्वतःला कधी कुठल्या जाहिरातीला तो द्यायचा झाला तर त्याची लेखी परवानगी घे, तेव्हा "काढा ना काका" चालणार नाही.

सुरसागर_काठ

एक राहतंय सगळ्यांचं. त्या मुलानं "काढा" म्हटलं ते पोज द्यायला म्हटलं. सहावी फ्रेम त्याला माहीत नसताना काढलीये, तोंड उघडं आहे, त्याला ती आवडेलच असं नाही. विचित्र केस दिसले म्हणून लोक त्याला रोज वळून बघत असणार, घरचे बोलत असतील, मग तो कॅमेऱ्यासमोर रागीट चेहरा का करतो ते समजण्यासारखं आहे, ते त्याचं चिलखत आहे. ते उतरलेलं असताना काढलेला फोटो त्याला न विचारता नेटवर टाकू नका. आणि टपरीवाले काका? त्यांचे हात फ्रेममध्ये आहेत ना? त्यांना कोणी विचारलं का? सगळा थ्रेड वाचला, त्यांच्याबद्दल एक ओळ नाही कोणाची.

दांडियाबाजारवाला

सुरसागर_काठ, बरोबर बोललात, मला खरंच वाईट वाटलं, मी काकांना विचारलंच नव्हतं. म्हणून थ्रेडवर फोटो टाकला नाही अजून, आणि काल चौथ्या आणि सहाव्या फ्रेमचे ५x७ इंचाचे प्रिंट काढून टपरीवर गेलो. काकांनी हात पुसले, प्रिंट कडेला धरून बराच वेळ बघितला आणि पहिलं काय विचारलं तर "घमेलं स्वच्छ दिसतंय का?" गुजरातीत. मी म्हटलं दिसतंय. मग म्हणाले टाका कुठे टाकायचा तिथे, आणि एक प्रिंट ठेवून घेतला, हवेच्या मशीनच्या वरती खिळ्याला अडकवलाय.

मुलाला दोन्ही पाठवले. त्याचं दोन तासांनी उत्तर आलं, पोस्टरला चौथी, पण सहावी आजीला दाखवली आणि आजीनं ती मागितलीये, मोठी करून मिळेल का. सहावी इथे टाकायला हो म्हणालाय. चौथीचा चेहरा रॉमधून दीड स्टॉप उचलला, एफस्टॉप दादा थँक्यू, नीट आला. कॅसेटवाल्या ताईंनी सांगितल्याप्रमाणे झेरॉक्स पण काढून बघितली, जॅकेट पूर्ण काळं झालं पण पिना आणि पाठीवरून खांद्यावर आलेलं अर्धं अक्षर पांढरं स्वच्छ उरलं.

आता आजीसाठी ८x१२ काढायचाय, मऊ डोळा त्या साइजला कितपत दिसेल? मॅट पेपर घेऊ की ग्लॉसी?

एफस्टॉप_चार

मॅट घ्या. आणि शार्पनिंग चढवू नका, डोळा आहे तसा राहू दे, आजी हातभर लांबून बघणार. फोटो टाका आता.