बातमीतील तर्कदोष ओळखायला शिकल्याने वाचक खरोखर शहाणा होतो का?

चर्चाप्रस्ताव

बातमीतील प्रत्येक आकडा खरा असूनही तिच्यातून निघणारा अर्थ साफ चुकीचा असू शकतो, आणि तो ओळखण्याची सवय प्रत्येक वाचकाने लावून घेतली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीने असा इशारा दिला की, तिसऱ्या पिढीतील गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका दुप्पट होतो. 'दुप्पट' हा शब्द खोटा नव्हता. मात्र आधीच्या गोळ्या घेणाऱ्या सुमारे ७,००० स्त्रियांमध्ये एकीला होणारा त्रास नव्या गोळ्यांमुळे दोघींना होत होता, एवढाच त्याचा अर्थ होता. घाबरून अनेकींनी गोळ्या सोडल्या, आणि पुढील वर्षी इंग्लंड व वेल्समध्ये सुमारे १३,००० गर्भपात अधिक झाल्याचा अंदाज आहे. गर्भारपणात गुठळ्यांचा धोका या गोळ्यांपेक्षाही जास्त असतो, हे लक्षात घेतले म्हणजे त्या एका शब्दाची किंमत कळते. 'कशाच्या दुप्पट?' एवढा प्रश्न विचारायला गणिताची पदवी लागत नाही.

प्रतिसाद १ (असहमत)

उदाहरण बिनतोड आहे, परंतु आपण नाण्याची एकच बाजू दाखवली आहे. तर्कदोषांची नावे पाठ झालेला वाचक ती बहुधा स्वतःला न पटणाऱ्या बातमीवरच वापरतो. डॉल आणि हिल या ब्रिटिश संशोधकांनी १९५० मध्ये धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवला, तेव्हा 'सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे', म्हणजे दोन गोष्टी सोबत आढळल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली असे ठरत नाही, हा आक्षेप कोणा अडाण्याने घेतला नव्हता. आधुनिक संख्याशास्त्राचा पाया घालणाऱ्यांपैकी एक असलेल्या रोनाल्ड फिशर यांनी तो घेतला. धूम्रपानाची ओढ आणि कर्करोग या दोहोंच्या मुळाशी एकच आनुवंशिक घटक असू शकेल, असे त्यांनी १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात सुचवले. तंबाखू उत्पादकांच्या समितीचे ते सल्लागार होते. तर्काचा नियम अचूक होता, तरीही ते चुकले.

न्यायसूत्रे या प्राचीन भारतीय तर्कशास्त्राच्या ग्रंथाने वाद, जल्प आणि वितंडा असा भेद केला आहे. सत्य शोधण्यासाठी केलेली चर्चा म्हणजे वाद, केवळ जिंकण्यासाठी केलेली म्हणजे जल्प. स्वतःचा पक्ष न मांडता समोरच्याचे केवळ खंडन करत राहणे म्हणजे वितंडा. दोष हुडकण्याच्या शिक्षणातून वाद करणारे थोडे आणि वितंडवादी पुष्कळ तयार होतील, ही माझी खरी भीती आहे.

प्रस्तावकाचे उत्तर

फिशर यांचा दाखला मला मान्य आहे. किंबहुना तो मीच द्यायला हवा होता. मात्र त्यांची चूक आक्षेप घेण्यात नव्हती, पुढचे पुरावे येऊनही त्याला चिकटून राहण्यात होती. धूम्रपान करणाऱ्या आणि न करणाऱ्या ब्रिटिश डॉक्टरांचा वर्षानुवर्षे मागोवा घेतल्यावर, जितक्या सिगारेटी जास्त तितका धोका जास्त आणि धूम्रपान सोडणाऱ्यांमध्ये तो घटतो, असे दिसून आले. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली, असे एकदा म्हणता येते. कावळे वाढतील तशा फांद्या अधिक मोडू लागल्या, तर कावळ्याकडे पाहावेच लागते. तर्कदोष दिसला म्हणजे निष्कर्ष खोटा ठरला असे नव्हे, तो अद्याप सिद्ध झालेला नाही इतकेच, हेही त्याच शिक्षणात शिकवले पाहिजे.

प्रतिसाद २ (अंशतः असहमत)

आपण दोघेही सगळे ओझे वाचकाच्या खांद्यावर टाकत आहात. कार्डिफ विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ मध्ये आरोग्यविषयक संशोधनाची ४६२ प्रसिद्धिपत्रके तपासली, तेव्हा त्यांतील सुमारे एकतृतीयांश पत्रकांत मूळ शोधनिबंधापेक्षा अतिशयोक्त असे कार्यकारणाचे दावे आढळले. ही पत्रके पत्रकार लिहीत नाहीत, विद्यापीठेच काढतात. दोष उगमापाशी असताना वाचकाने घरोघरी गाळणी घेऊन बसावे, हा उपाय मला अन्यायाचा वाटतो. शिवाय ते ७,००० बातमीत छापलेच नसतील, तर 'कशाच्या दुप्पट?' हा प्रश्न सुचूनही वाचक उत्तर कोठून आणणार?

प्रस्तावकाचे उत्तर

उत्तर त्याला मिळणार नाही, हे खरे. उगमापाशी सुधारणा व्हावी, याबद्दलही दुमत नाही, आणि मूळ आकडा छापल्याशिवाय 'दुप्पट' छापू नये, असा नियम प्रत्येक संपादकाने करावा, असे मला वाटते. तरीही महत्त्वाचा आकडा गाळलेला आहे, एवढे जिला त्या दिवशी कळले असते, तिने गोळी सोडण्याआधी निदान डॉक्टरांना तो विचारला असता.